जागेचा मान राखणाऱ्या अहिल्यादेवी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याचा हिशोब आणि भिशीची वही यापलीकडे माझ्या हातून फारसे काही लिहिले गेलेले नाही. पण नाव निघाले ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे. माझे माहेर जामखेड तालुक्यातले. अहिल्यादेवींचे चौंडी गाव आमच्या गावापासून जवळच. लहानपणी जयंतीला आम्ही मुली चौंडीला जात असू. माहेरच्या माणसाचे नाव निघाल्यावर मग मला नाही म्हणवेना.

त्यांचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. त्यांनी देवळे बांधली, घाट बांधले, अन्नछत्रे घातली, न्यायाने राज्य केले, हे आपण शाळेत वाचले आहे. तेच पुन्हा सगळे सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही. मला त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट विशेष करून सांगावयाची आहे. ती म्हणजे, कोणत्याही जागी काही बांधावयाचे झाले तर त्या जागेकडे त्या कशा पाहात असत. हीच गोष्ट का निवडली, ते शेवटी सांगेन.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. २०२५ साली त्याला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. गाव सीना नदीच्या काठी. आमच्या भागातल्या नद्या म्हणजे चार महिने पाणी आणि आठ महिने वाळू. पाणी कोठे झिरपते, झरा कोठे लागतो, हे तिकडच्या लेकीबाळींना कोणी शिकवावे लागत नाही. वाळूत खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरलेले मला स्वतःला आठवते. तीनशे वर्षांपूर्वीही ते तसेच असणार. पुढे ज्या बाईंनी देशभर विहिरी, कुंडे आणि घाट बांधले, त्यांचा जन्म अशा कोरड्या मुलुखात व्हावा, याचे मला नवल वाटत नाही. पाण्याची किंमत ज्याला पाणी मिळत नाही त्यालाच कळते.

त्या काळी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती, तरी माणकोजींनी मुलीला लिहावयास वाचावयास शिकवले. मल्हारराव होळकर हे पेशव्यांचे मोठे सरदार. पुण्याकडे जाताना त्यांचा मुक्काम चौंडीला पडला आणि देवळात त्यांनी या धीट व शांत मुलीला पाहिले, अशी गोष्ट सांगतात. १७३३ साली त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचे लग्न झाले. आठ वर्षांची पोर माळव्यात सासरी गेली.

सासूबाई गौतमाबाई करड्या पण समजूतदार होत्या. सासरे तर त्याहून निराळे. लढाईवर गेले की घरचा कारभार, वसुली, हिशोब ते सुनेकडे सोपवीत. तोफा, दारूगोळा, चारावैरण यांबद्दल सूचना देणारी त्यांची सुनेला लिहिलेली पत्रे आहेत. सुनेच्या हाती तोफखाना देणारा सासरा आजही शोधून सापडावयाचा नाही!

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस. पदरी मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जावयास निघाल्या. मल्हाररावांनी विनवण्या करून, स्वतःच्या म्हातारपणाची आण घालून त्यांना परत फिरवले. पुढे १७६६ साली मल्हारराव गेले आणि १७६७ च्या एप्रिलात मालेरावही गेले. बारातेरा वर्षांच्या आत नवरा, सासरा आणि पोटचा मुलगा! घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यावर चालून आले. बाईंनी लढाईची तयारी केली. बायकांशी लढून जिंकलात तर मोठेपणा नाही आणि हरलात तर जगात तोंड दाखवता येणार नाही, अशा अर्थाचा निरोप त्यांनी दादांना पाठवला, असे सांगतात. माधवराव पेशव्यांनी बाईंची बाजू घेतली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार बाईंकडे, अशी व्यवस्था ठरली. तेव्हापासून १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी कारभार केला.

आता मी माझ्या मुद्द्याकडे वळते.

राज्य हाती आल्यावर बाईंनी राहावयास महेश्वर निवडले. हे गाव निमाड प्रांतात नर्मदेच्या उत्तर काठावर आहे. इंदूर मोकळ्या जागेवर होते, व्यापाराला सोयीचे होते. पण मुलाच्या मृत्यूनंतर त्यांचे मन नर्मदेकडे ओढले. महेश्वर हे फार जुने ठिकाण. पुराणातली माहिष्मती, सहस्रार्जुनाची राजधानी ती हीच, असे मानतात. जुना किल्ला होता, जुनी देवळे होती, पण गावाची रया गेलेली होती. बाईंनी ते सगळे पुसून टाकून नवी राजधानी उभारली नाही. किल्ला होता तोच नीट केला. नदी होती, तिच्याकडे तोंड करून घाट बांधले. स्वतःसाठी वाडा बांधला तो आपल्याकडच्या एखाद्या इनामदाराच्या वाड्यासारखा. लाकडी खांब, चौक, ओसरी, तुळशी वृंदावन. एवढ्या मोठ्या राज्याची धनीण, पण बसावयास पांढरी गादी आणि अंगावर पांढरे लुगडे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काहीजणी बस करून ओंकारेश्वर आणि महेश्वरला गेलो होतो, तेव्हा तो घाट मी पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा त्यावर बसले. किल्ल्याच्या दरवाज्यातून खाली उतरू लागले की पायऱ्या थेट नदीत जातात. किती पायऱ्या पाण्याखाली आहेत हे वरून कळतच नाही. आपल्याकडे आता नदीकाठ बांधावयाचा म्हणजे सरळ भिंत घालावयाची, असे झाले आहे. भिंत घातली की नदी एकीकडे आणि माणूस एकीकडे. पाणी कमी झाले तर ते खाली दूर राहते, आणि वाढले तर भिंतीवरून उडी मारून घरात येते. घाटाचे तसे नाही. वैशाखात पाणी उतरले तर बाया आणखी दहा पायऱ्या उतरतात. भाद्रपदात चढले तर वरच्या पायरीवर बसतात. नदीला चढण्याउतरण्याची मोकळीक आणि माणसाला तिच्यापर्यंत जाण्याची वाट, दोन्ही एकाच बांधकामात साधले आहे. मधूनमधून रुंद ओटे आहेत, बुरूज आहेत, लहान लहान देवळ्या आहेत. दगडात कोरलेल्या शिवपिंडी तर पावलोपावली आहेत. जागोजागी बाया कपडे धूत होत्या, कोणी दिवे सोडत होते, पोरे पोहत होती, होडीवाले गिऱ्हाईक शोधत होते. राणीने बांधलेला घाट, पण तेथे कोणालाच परके वाटत नव्हते.

बाईंच्या वेळेपासूनची आणखी एक रीत तेथे आहे. मातीची लहान लहान शिवलिंगे करावयाची, त्यांची पूजा करावयाची आणि ती नर्मदेत सोडावयाची. मातीतून आलेले पाण्यात जाते. काठावर काही उरत नाही, नदीला ओझे होत नाही. आपण गणपतीनंतर पवनेच्या काठी काय पाहतो, ते तुम्हांला सांगावयास नको.

नुसते घाट आणि देऊळ बांधून गाव जगत नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते. त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले, त्यांना घरे दिली, काम दिले. तेथली माहेश्वरी साडी आज सगळीकडे जाते. तिच्या काठाकडे कधी नीट पाहा. लहर नावाचा काठ म्हणजे नर्मदेच्या लाटा. ईंट म्हणजे किल्ल्याच्या भिंतीतली वीट. चटाई म्हणजे चटई. म्हणजे विणकराने नक्षी दूरदेशाहून आणली नाही; माग ठेवला होता तेथून जे दिसले तेच त्याने काठावर उतरवले. मध्यंतरी हा धंदा अगदी बसला होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्याच मंडळींनी रेवा नावाची संस्था काढून तो पुन्हा उभा केला आणि त्यात बायकांना माग चालवावयास शिकवले. रेवा हे नर्मदेचेच नाव. महेश्वरातून येताना मी एक साडी घेतली. ती नेसली की मला घाटाची आठवण येते.

महेश्वरबाहेरची बाईंची कामे मोजू म्हटले तर हे पान पुरणार नाही. बद्रीकेदारापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत त्यांची धर्मशाळा, अन्नछत्रे, कुंडे, विहिरी आहेत. पण यांतली पुष्कळ कामे त्यांच्या राज्याबाहेरची. तेथे त्यांचा हुकूम चालत नव्हता. दुसऱ्याच्या मुलुखात, दुसऱ्याच्या गावात जाऊन बांधावयाचे म्हणजे तेथल्या लोकांना, तेथल्या रीतीला आणि तेथे आधी जे होते त्याला सांभाळूनच बांधावे लागणार.

काशीचेच उदाहरण घ्या. विश्वेश्वराचे जुने देऊळ औरंगजेबाच्या काळी, १६६९ साली, पाडले गेले होते. शंभराहून अधिक वर्षे तेथे मोठे देऊळ नव्हते. ती जागा परत घेण्याचे बेत पूर्वी मराठ्यांनी केले होते, पण ते तडीस गेले नाहीत. अहिल्याबाईंनी तंटा न करता, जुन्या जागेला लागून असलेल्या जागेवर १७८० साली नवे देऊळ बांधले. जागा लहान, गल्ल्या अरुंद. तरीही त्यांनी आहे त्या जागेत मावेल असे नेटके देऊळ उभे केले. आज जगभरचे लोक दर्शनाला जातात ते याच देवळात. मणिकर्णिका घाटाचे कामही त्यांनी केले, आणि काशीतल्या एका घाटाला तर त्यांचेच नाव आहे.

सोमनाथलाही तसेच. जुने देऊळ भग्न होऊन पडलेले होते. १७८३ च्या सुमारास बाईंनी त्या भग्न देवळाला हात न लावता, जवळच नवे देऊळ बांधले. समुद्रकाठचा मुलूख, पुन्हा हल्ला होण्याची भीती. म्हणून मुख्य शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवले. जुन्या जागेवरचे मोठे देऊळ स्वातंत्र्यानंतर बांधले गेले आणि १९५१ साली तेथे प्रतिष्ठा झाली. पण मधल्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत सोमनाथाची पूजा चालू राहिली ती बाईंच्या देवळात. अहिल्याबाईंचे म्हणून ते आजही तेथे आहे.

आपल्या महाराष्ट्रात वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ आहे. ते सासूबाई गौतमाबाईंनी हाती घेतलेले काम. सुनेने ते पुढे नेले. देवळाइतकेच मला तेथले शिवालय तीर्थ आवडते. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेले दगडी कुंड. पाणी जमिनीत खोल होते, म्हणून माणसाने खाली उतरावयाचे. पाण्याला वर ओढून आणण्यापेक्षा आपण त्याच्याकडे जावयाचे, ही जुन्या माणसांची रीत. चांदवडला डोंगराच्या कुशीत त्यांचा रंगमहाल आहे. जेजुरीला तर आपल्यापैकी प्रत्येकजण जाते. खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. गडाच्या पायथ्याशी होळकरांच्या वेळचा तलाव आहे. डोंगरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून यात्रेकरूंची तहान भागवण्याची ती सोय.

एवढा पैसा कोठून आला, हा प्रश्न आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बाईला लगेच पडतो. त्याचे उत्तर मला फार आवडले. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने वेगळी जहागीर करून दिली होती. तिला खासगी म्हणत. तिचे उत्पन्न होळकरांच्या घरातल्या स्त्रीचे स्वतःचे. फौजेच्या आणि राज्याच्या पैशाशी त्याचा संबंध नाही. सासूकडून ती खासगी सुनेकडे आली. बाईंनी तुळशीपत्र ठेवून तो सारा पैसा देवाधर्माला आणि लोकांच्या सोयीला अर्पण केला, असे म्हणतात. स्वतःच्या कामाला राज्याच्या तिजोरीतला पैसा त्या वापरीत नसत. आपण डब्यात पैसे बाजूला टाकतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्यांचा डबा मोठा होता आणि मन त्याहून मोठे होते.

दुसरी गोष्ट, देखभालीची. बांधून मोकळे होणे सोपे असते. बाईंनी देवळे बांधली तेथे पूजेची, दिवाबत्तीची आणि अन्नछत्राची नेमणूक करून ठेवली. कोणाला जमीन, कोणाला वर्षासन लावून दिले. दूरदूरच्या देवळांना कावडीने गंगेचे पाणी पोहोचवण्याची सोयही त्यांनी लावून दिली होती. नारळ फोडून फीत कापून जो निघून जातो, त्याच्या कामाला दोन वर्षांत गवत उगवते. त्यांच्या कामांना सव्वादोनशे वर्षे झाली तरी ती उभी आहेत, त्याचे कारण दगडाइतकेच या नेमणुकांत आहे.

तिसरी गोष्ट, तेथल्या माणसांची. विंध्य-सातपुड्याच्या जंगलात भिल्ल राहात. वाटसरूंना लुटीत, म्हणून त्यांचा फार उपद्रव होई. बाईंनी आधी धाक दाखवला, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या डोंगरात भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या राहात आलेले आहेत, त्यांचा त्या वाटांवर काही हक्क आहे, हे त्यांनी मान्य केले. वाटेने जाणाऱ्यांकडून भिल्लकवडी नावाची लहानशी पट्टी घेण्याची त्यांना परवानगी दिली, कसण्यास जमीन दिली, आणि बदल्यात त्या वाटांची राखण त्यांच्याच गळ्यात घातली. म्हणजे डोंगर तसाच राहिला, त्यातली माणसे तीच राहिली आणि वाट मात्र सुरक्षित झाली.

एवढी कामे चालली असता घरातले दुःख मात्र पाठ सोडीत नव्हते. मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू नथ्याबा यांच्यावर त्यांचा सारा जीव. १७९० साली नातू गेला. पुढच्या वर्षी जावई गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. ज्या बाईंना सासऱ्याने चितेवरून परत आणले होते, त्यांना आपल्या मुलीला परत आणता आले नाही. नर्मदेच्या काठी उभे राहून त्यांना ते पाहावे लागले. हा भाग लिहिताना माझा हात थांबला. घाटावर बसले होते तेव्हा हेच मनात येत होते, की याच पाण्याकडे पाहात त्यांनी पुढची चार वर्षे काढली असतील. तरी दरबार चालू होता, फिर्यादी ऐकल्या जात होत्या, दूरदूरच्या कामांचे हिशोब तपासले जात होते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरीच त्यांनी देह ठेवला.

इंग्रजांनी माळवा घेतल्यावर जॉन माल्कम नावाचा त्यांचा अधिकारी तेथे आला. त्याने गावोगाव लोकांना विचारून बाईंची माहिती गोळा केली आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात छापली. बाई जाऊन तेव्हा पंचवीसएक वर्षे झाली होती, पण लोकांच्या तोंडून चांगल्यावाचून दुसरा शब्द निघाला नाही, असे त्याने नोंदवले आहे. परक्या माणसाने दिलेला हा दाखला. २०२४ साली आमच्या माहेरच्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले, ते उशिरा का होईना, योग्यच झाले.

आता ही गोष्ट मी का निवडली ते सांगते.

आपण राहतो ती पिंपरी-चिंचवडची वस्ती. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक महामंडळ निघाले आणि मग बघता बघता माळावर कारखाने आले, आता ते चाकणच्याही पुढे गेले. आपल्या सर्वांची चूल त्याच्यावर पेटते, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण हा माळ कधीच रिकामा नव्हता. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. धरणातून पाणी सोडले की नदी आजही त्या देवळात येते, आणि ओसरल्यावर देऊळ धुऊन पुन्हा पूजा सुरू होते. चाकणला संग्रामदुर्गाच्या तटाचे अवशेष आहेत. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तेथे शाहिस्तेखानाला पन्नासाहून अधिक दिवस थोपवून धरले होते. त्याच्याजवळून रोज हजारो माणसे कामाला जातात आणि कित्येकांना ते ठाऊकही नसते.

आपल्या मंडळाच्या नियोजित सभागृहाच्या जागेत एक जुनी विहीर आहे. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे, म्हणजे तिच्यावरचा कचरा पाहिला आहे. माझ्या सासूबाई सांगतात, ती मोटेची विहीर. काळ्या दगडाने बांधलेली. बैल उतरावयाची धाव होती, थारोळे होते. १९७२ च्या दुष्काळात आजूबाजूच्या विहिरी आटल्या, पण हिने तळ दाखवला नाही. रात्री दोन दोन वाजता बाया तेथे रांग लावीत. पुढे शेत गेले, घरे आली, नळ आले. विहिरीत आधी निर्माल्य पडले, मग प्लास्टिक. काठावर उंबराचे झाड आहे, ते मात्र अजून हिरवे आहे, त्याअर्थी खाली पाणी असले पाहिजे.

सभागृहाच्या नकाशात ही विहीर बुजवून तेथे गाड्या लावण्याची जागा आणि झाड काढून फाटक दाखवले आहे. गेल्या बैठकीत हा नकाशा पुढे आला, तेव्हा मंजूर म्हणून मीही हात वर केला होता. हे मी येथे लिहून ठेवते, कारण नंतर इतरांना दोष देणे सोपे असते. डास होतात, पोरे पडतील, ही भीती माझ्याही मनात होती आणि ती खोटी नाही. सभागृहाची आपल्याला गरज आहे, हेही खरे. पावसाळ्यात हळदीकुंकू कोणाच्या तरी जिन्याखाली करावे लागते.

पण हे चरित्र लिहावयास बसले आणि रोज रात्री भांडी झाल्यावर एक एक पान लिहिताना माझे मन पालटत गेले. अहिल्यादेवींच्या हाती राज्य होते, पैसा होता, कारागीर होते. जुने मोडून नवे उभे करणे त्यांना काही अवघड नव्हते. तरी प्रत्येक ठिकाणी आधी काय होते, पाणी कोठून येते नि कोठे जाते, तेथे कोण राहते, हे त्यांनी पाहिले आणि मग दगड रचला. आपण तर एक विहीर आणि एक उंबर सांभाळावयाचा आहे.

माझी सूचना अशी आहे, की येत्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा घ्यावा. सभागृह थोडे मागे सरकवता येईल का, ते इंजिनिअर साहेबांना विचारावे. विहिरीचा गाळ काढून तोंडावर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे पोरे पडण्याची भीती नाही. पाणी हलते राहिले आणि त्यात मासे सोडले की डासही कमी होतात. सभागृहाच्या छपरावरचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडता येईल. उंबराखाली दगडी ओटा बांधला, तर उन्हाळ्यात आपल्या निम्म्या बैठका तेथेच होतील. गाड्या चार कमी मावतील, एवढेच. खर्चासाठी माझ्या डब्यातले पाच हजार रुपये मी आजच देऊन ठेवते. ती माझी खासगी समजा.

सभेने ऐकून घेऊन तरीही बुजवावयाचे ठरवले, तर मी बहुमत मानीन. मात्र बुजवण्याआधी एकदा सगळ्याजणींनी तिच्या काठाशी येऊन आत डोकवावे, आणि माझ्या सासूबाईंना तेथे खुर्ची घालून १९७२ सालची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी, एवढी माझी विनंती आहे.

लिहिण्यात काही उणेअधिक झाले असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावे.